डिप्लोमा झाला, आता विद्यापीठात निभावेल का?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं एकाच चिंतेची आहेत. लेकराने दहावी-बारावीनंतर कौशल्याचा छोटा कोर्स केला, आता त्यावर पदवीला प्रवेश मिळेल का, नोकरी लागेल का? मराठवाड्यातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे असे कौशल्याचे कोर्स चालवणाऱ्या कॉलेजात, मी बरीच वर्षं फळप्रक्रिया शिकवली. माझे विद्यार्थी कारखान्यांत गेले, विद्यापीठात गेले, काही अर्ध्यातून परतही आले. त्यामुळे आज चारच पत्रं घेते, पण पहिल्या दोघांना सविस्तर लिहिते.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. अंबड तालुक्यात आमची मोसंबीची बाग आहे. थोरली मुलगी बारावी सायन्स झाली, नीटला मार्क कमी पडले. मग जवळच्या कॉलेजात फूड प्रोसेसिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा केला, फर्स्ट क्लास मिळाला. आता म्हणते, पदवी करायची. भावकी म्हणते, वर्ष वाया गेलं, आता स्थळ बघा. तिला पुढे कुठे प्रवेश मिळेल? आणि असा कोर्स केलेली मुलगी विद्यापीठात टिकेल का?
— एक वडील, ता. अंबड, जि. जालना

उत्तर : दादा, वर्ष वाया गेलेलं नाही. भावकीला हे माझ्या नावाने सांगितलंत तरी चालेल.

आधी कागद बघू. तिची गुणपत्रिका घ्या आणि वर कोणाचं नाव छापलंय ते वाचा. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१३-१४ पासून कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. तिच्यात एक वर्षाचा डिप्लोमा ६० क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप) असतो आणि तो विद्यापीठ देतं. त्याच्या जोडीला अन्नप्रक्रिया क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचं प्रमाणपत्रही असू शकतं. दोन्ही असतील तर उत्तम. गुणपत्रिकेवर नुसतं एखाद्या संस्थेचं किंवा ट्रस्टचं नाव असेल, तर त्या कागदावर विद्यापीठ प्रवेश देणार नाही. मग पुढचं सगळं बारावीच्या गुणपत्रिकेवरच होईल.

विद्यापीठाचा डिप्लोमा असेल तर सरळ वाट म्हणजे त्याच विषयाचं बी.व्होक., म्हणजे कौशल्याची पदवी. या पदवीची रचनाच पायऱ्यांची आहे. एक वर्ष झालं की डिप्लोमा, दोन वर्षांनी ॲडव्हान्स डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी. त्यामुळे तिला दुसऱ्या वर्षात घेता येतं. घेता येतं म्हणजे घेतीलच असं नाही. ज्या कॉलेजात बी.व्होक. आहे तिथे जा आणि प्रवेशाआधी विचारा, ‘हिची ६० क्रेडिट तुम्ही धरणार का? तसं लेखी द्याल का?’ तोंडी ‘होऊन जाईल’वर फी भरू नका. बाहेरच्या विद्यापीठाचा डिप्लोमा असेल तर पात्रता प्रमाणपत्राला वेळ लागतो, तेव्हा निकालाच्या दुसऱ्याच दिवशी कामाला लागा. क्रेडिट जमा ठेवणाऱ्या ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा तिचा आयडी डिजिलॉकरवर निघतो. तो काढून, झालेली क्रेडिट तिथे दिसतात का तेही बघून घ्या.

बी.व्होक. ही यूजीसीने मान्य केलेली पदवी आहे. ज्या परीक्षेच्या जाहिरातीत ‘कोणत्याही शाखेची पदवी’ म्हटलेलं असतं, तिथे ती चालते. पण पुढे एम.एस्सी. करायचं मनात असेल, तर ज्या विद्यापीठात करायचं त्याची पात्रतेची अट आजच वाचा. तिथे ‘बी.एस्सी.’ असा शब्द असला तर तीन वर्षांनी अडायला होतं.

दुसरी वाट परभणीची. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय तुमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या बी.टेक.ला बारावी सायन्स आणि सीईटीवर प्रवेश मिळतो. डिप्लोमाचं वर्ष त्यात मोजलं जात नाही. पण तिने सीईटी दिली असेल किंवा पुढच्या वर्षी द्यायची तयारी असेल, तर ही वाट मी पहिली बघेन. बारावी सायन्सवर साधी बी.एस्सी. तर कुठेही करता येईलच.

आता टिकेल का, ते सांगते.

या योजनेत ६० टक्के भाग कौशल्याचा आणि ४० टक्के भाग सामान्य शिक्षणाचा असतो. हा ४० टक्के म्हणजे भाषा, गणित, विज्ञानाचा पाया, संगणक. कौशल्याचा भाग बऱ्याच कॉलेजांत चांगला होतो. मुलींचा हात बसतो, मशीनची भीती जाते. सामान्य भाग मात्र सगळेच सोडून देतात. कॉलेज तो भाग कोणाच्यातरी गळ्यात टाकतं, मुलं त्या तासांना बसत नाहीत, आणि पालकांना वाटतं, काम शिकायला पाठवलंय, इंग्रजी-गणिताचं काय नडलंय? विद्यापीठात नेमकं त्याच्यावरच अडतं. आणि कारखान्यातही, फक्त तिथे दोन वर्षांनी अडतं.

तुमच्या बागेतलंच उदाहरण घेऊ. मोसंबीचा स्क्वॅश करायचाय, १० किलो. नियमाप्रमाणे स्क्वॅशमध्ये रस कमीत कमी २५ टक्के लागतो आणि विद्राव्य घटक, म्हणजे ब्रिक्स, कमीत कमी ४०. रसाचा ब्रिक्स १० आहे. साखर किती घालायची? ब्रिक्स मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर झटक्यात वाचणारी, फर्स्ट क्लासची मुलं मला सांगायची, ४० मधून १० गेले, राहिले ३०, म्हणजे ३ किलो. चुकलं. रस १० किलो नाहीच, अडीचच किलो आहे. त्यातून पाव किलो विद्राव्य घटक येतात. हवेत ४ किलो. म्हणजे साखर पावणेचार किलो, आणि उरलेलं पावणेचार किलो पाणी (सायट्रिक ॲसिड किरकोळ असतं, ते इथे सोडून देऊ). ३ किलोच घातली तर ब्रिक्स साडेबत्तीसवर अडकतो, माल नियमात बसत नाही आणि टिकतही नाही. ज्या पोरीला हे मांडता येतं ती उद्या दोन टनांची बॅच लावते. जिला येत नाही तिला कोणीतरी आकडे लिहून द्यावे लागतात, आणि ती आयुष्यभर आकडे लिहून देणाऱ्याच्या हाताखाली राहते. तिच्या हुशारीत तसूभर कमी नसताना हे होतं, याचं मला फार वाईट वाटतं.

तसंच मोसंबीच्या रसाचं. काढून ठेवला की थोड्या वेळाने कडवट होतो, हे तिला ठाऊक असेल, तुम्हालाही आहे. पण का होतो? फळात असताना जो पदार्थ कडू नसतो, त्याचं रसातल्या आम्लामुळे हळूहळू लिमोनिन होतं, आणि ते कडू असतं. विद्यापीठाच्या पेपरात हे ‘का’ विचारतात, आणि उत्तर बहुतेक वेळा इंग्रजीत लिहायचं असतं.

बी.एस्सी.च्या वर्गात गेलेल्या आमच्या मुलींचा प्रयोगशाळेतला हात तिथल्या मुलींपेक्षा सफाईदार होता. ब्युरेट धरणं, वजन करणं, भांडी स्वच्छ ठेवणं याबाबत त्यांना कोणी बोट दाखवलं नाही. अडल्या त्या मोल-नॉर्मॅलिटीच्या गणितांवर आणि जर्नलमध्ये निष्कर्ष लिहिताना. पहिल्या सत्रात ज्यांना कोणी हात दिला त्या पुढे नीट गेल्या. ज्यांना नाही मिळाला त्या मागच्या बाकावर बसत गेल्या, आणि मग येईनाशा झाल्या.

तेव्हा या सुट्टीत तिच्याकडून एवढं करून घ्या. आठवी ते दहावीचं शेकडेवारी आणि गुणोत्तराचं गणित. अकरावीच्या रसायनशास्त्रातला मोलचा धडा, सगळी उदाहरणं सोडवून. डिप्लोमात तिने जे जे बनवलं, जॅम, सॉस, लोणचं, त्या प्रत्येकावर इंग्रजीत एक-एक पान: काय घेतलं, किती घेतलं, काय बिघडलं, का बिघडलं. इंग्रजी मोडकं असू द्या, पण स्वतःचं असू द्या. बागेत बारीक फळ बाजूला निघतंच, त्याचा स्क्वॅश घरी करायला लावा आणि वही ठेवायला सांगा. एवढं झालं तर ती टिकेल. माझी खात्री आहे.

नोकरीचं एक सांगायचं राहिलं. अन्नसुरक्षा कायद्याखाली परवाना घेतलेल्या कारखान्यात उत्पादनावर देखरेखीला तांत्रिक शिक्षण असलेला माणूस ठेवावा लागतो. त्यासाठी रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र अशा विषयांची विज्ञान पदवी चालते, किंवा मान्यताप्राप्त संस्थेची फूड टेक्नॉलॉजीची पदवी किंवा डिप्लोमा. तिच्या प्रमाणपत्रावर विषयाचं नाव नेमकं काय छापलंय, म्हणूनच बघायला सांगतेय. आणि तिला पुढेमागे घरचंच युनिट टाकायचं झालं, तर केंद्राच्या २०२० सालच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, कर्जाला जोडून अनुदान ठेवलं होतं. ती सध्या कुठवर चालू आहे ते जिल्हा कृषी कार्यालयात विचारा.

स्थळाचं म्हणाल तर तो निर्णय तिचा आणि तुमचा. मी एवढंच म्हणेन, पदवीच्या अर्जांची तारीख निघून जाते.

प्रश्न : मॅडम, मी गंगापूर तालुक्यातला. दहावीनंतर दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा आयटीआय केला. आता वाळूजला एका कंपनीत ॲप्रेंटिस आहे. सोबतचे म्हणतात, इथेच चिकटून राहा. मला इंजिनिअरिंग करायचंय. एक साहेब म्हणाले, आयटीआयवाल्याला डिग्री झेपत नसती. खरं आहे का?
— एक ॲप्रेंटिस, वाळूज

उत्तर : बाळा, खरं नाही. पण साहेबांनी असं म्हणावं अशी पोरं त्यांनी बघितली असतील, आणि ती तशी का झाली हे तुला कळायला पाहिजे.

वाट आहे. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय यावर आपल्या राज्यात पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. ऐकायला छान वाटतं, दोन वर्षं वाचतात. पण जी दोन पहिली वर्षं तू गाळतोस, गणिताचा पाया त्याच दोन वर्षांत घातला जातो. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाचं बीजगणित, त्रिकोणमिती आणि कॅल्क्युलसची सुरुवात तू केलेली नसते. मग पदवीला पुन्हा पहिल्या वर्षाचं गणित गाळतोस. एकच खड्डा दोनदा उडी मारून ओलांडायचा, आणि तिसऱ्या सत्रात सर वर्गात शिरतात ते तुला सगळं येतंय असं धरून. पोरं तिथेच बसतात. ‘झेपत नाही’ म्हणतात ते हेच.

तू रोज स्टार-डेल्टा स्टार्टर बघत असशील. तीन कॉन्टॅक्टर, टायमर, ओव्हरलोड रिले. डोळे झाकून जोडशील. मोटर आधी स्टारवर सुरू होते, थोड्या सेकंदांनी टायमर डेल्टावर टाकतो, तेही तुला माहीत आहे. आता कागदावर मांड. लाइनचा व्होल्टेज ४१५. स्टारमध्ये एका वाइंडिंगला किती मिळतो? ४१५ भागिले तीनचं वर्गमूळ, म्हणजे साधारण २४०. मग सुरुवातीचा लाइन करंट डेल्टाच्या एक तृतीयांश का होतो? टॉर्कही एक तृतीयांशच का? आणि म्हणून भरलेला कन्व्हेयर स्टारवर उचलत का नाही? हे चार प्रश्न कोणाला न विचारता सोडवता आले, तर तू डिप्लोमाला तयार आहेस. नाही आले तर प्रवेशाआधीचे महिने त्यालाच दे. वर्गमूळ, साइन-कॉस, वेक्टर, कॉम्प्लेक्स नंबर, लॉगॅरिदम, साधं डिफरन्सिएशन. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाची गणिताची पुस्तकं संभाजीनगरला जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्तात मिळतात. ती घे आणि सुट्टीच्या दिवशी बस. इलेक्ट्रिकलच्या मुलांना मी नेहमी सांगते, तुमच्याकडे जे जोडून बघितलेलं ज्ञान आहे ते बारावीवरून आलेल्या मुलाकडे नाही. तुला फक्त त्यामागचं गणित भरून काढायचंय. त्याला अख्खी मोटर समजून घ्यायचीय.

ॲप्रेंटिसशिप मात्र अर्धी सोडू नकोस. १९६१ च्या कायद्याखालची ती ट्रेनिंग आहे, शेवटची परीक्षा दे आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात घे. स्टायपेंड कमी आहे म्हणून मधेच दुसऱ्या कंपनीत कंत्राटी हेल्पर होणारी पोरं मी बघितली आहेत. थोड्या पैशांसाठी कागद जातो. आणि नोकरी करत मुक्त विद्यापीठातून बी.ए., बी.कॉम. करायचा सल्ला कोणी दिला तर तोही वाईट नाही, पदवी खरी असते. पण तुला मोटर, पॅनेल, ड्राइव्ह यांच्यातच पुढे जायचं असेल, तर त्या पदवीने ते काम होणार नाही.

प्रश्न : माझी नात अमेरिकेत आहे. तिची मुलगी कम्युनिटी कॉलेजात जाते म्हणे. आमच्या शेजारच्या मुलानेही लातूरजवळ कम्युनिटी कॉलेजच केलं. दोन्ही सारखंच का?
— एक पणजी, लातूर

उत्तर : आजी, नाव एक, व्यवस्था वेगळी. तिकडे ही कॉलेजं फार जुनी आहेत, इलिनॉय राज्यातल्या जोलिएटचं १९०१ चं. दोन वर्षं कमी फीत तिथे शिकायचं आणि मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं, ही तिथली नेहमीची पद्धत. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तर कम्युनिटी कॉलेजचा कुठला विषय विद्यापीठातल्या कुठल्या विषयाला धरायचा, हे आधीच विषयवार ठरवून जाहीर केलेलं असतं. २०१० च्या एका कायद्याने ठरावीक दोन वर्षांची पदवी घेतलेल्यांना तिथल्या राज्य विद्यापीठात जागेची हमीही दिली. तरी तिकडेही सगळं सुरळीत नाही. पुढे पदवी करायची म्हणून या कॉलेजांत येणारी मुलं दहातली आठ, पण विद्यापीठापर्यंत पोचतात ती साधारण तीनात एक. तेव्हा पणतीला सांगा, पहिल्याच सत्रात सल्लागाराला भेटून पुढच्या विद्यापीठाची विषयांची यादी घे आणि त्याबाहेरचे विषय निवडू नकोस.

शेजारच्या मुलाचं म्हणाल तर आपल्याकडे अशी विषयवार यादी मला कुठे बघायला मिळालेली नाही. एकाच विद्यापीठाच्या दोन कॉलेजांत एकाच डिप्लोमाला वेगवेगळी वागणूक मिळते. आपल्या दोन्ही विद्यापीठांनी, संभाजीनगरच्या आणि नांदेडच्या, एकत्र बसून अशी यादी करावी, असं मला फार वाटतं. तिला पैसा लागत नाही. अभ्यास मंडळांच्या काही बैठका लागतील.

प्रश्न : हिंगोली जिल्ह्यात मी तासिका तत्त्वावर इंग्रजी आणि गणित शिकवतो. डिप्लोमाच्या मुलांचे माझे तास प्रॅक्टिकलसाठी काढून घेतात. मुलंही म्हणतात, सर, हे आम्हाला कशाला? काय करू?
— एक प्राध्यापक

उत्तर : सर, तुम्ही शिकवताय त्या ४० टक्क्यांबद्दलच मी वर एवढं लिहिलं, त्यामुळे तास सोडू नका, ही पहिली विनंती. वेळापत्रकातले तास ६०:४० च्या प्रमाणात दिसायला हवेत. प्राचार्यांना तसं लेखी द्या. तासिकेच्या मानधनावर माणूस किती भांडणार, हे मला कळतं. सुट्टीत पगार नाही, पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही ते माहीत नाही. मुलांच्या पुढच्या शिक्षणाचा पाया ज्याच्या हातात आहे, त्यालाच कॉलेजात सगळ्यात कच्च्या जागेवर ठेवलंय. हे बदलायला हवं आणि ते प्राध्यापकाच्या एकट्याच्या हातात नाही.

तोवर प्रॅक्टिकलला तुम्हीच जा. तास काढून घेतला तर वही घेऊन वर्कशॉपमध्ये उभे राहा, गणित तिथेच पडलेलं असतं. तुमच्याकडे वसमतची हळद आहे. ओल्या हळदीत ८० टक्के पाणी धरा. १०० किलो ओली हळद वाळवून ओलावा १० टक्क्यांवर आणला, तर हातात किती उरेल? मुलं ३० किलो म्हणतील, कारण ८० मधून १० वजा करून ७० किलो पाणी उडालं असं धरतील. खरं उत्तर २२ किलोच्या थोडं वर आहे, कारण घनभाग २० किलोच राहतो आणि तो आता ९० टक्के झालाय. हळद विकणाऱ्या घरातल्या पोराला या आठ किलोंच्या फरकाची किंमत समजावून सांगावी लागत नाही. मग तेच उत्तर चार ओळी इंग्रजीत लिहायला लावा. तुमचा इंग्रजीचा तासही त्यातच झाला.

अशी गणितं तुम्ही करून घेत असाल तर मला पाठवा. हळदीची, डाळमिलची, ऊसतोडणीच्या उचलीची, कशाचीही. पुढच्या अंकात या सदराची अर्धी जागा मी त्यांच्यासाठी मागून ठेवली आहे.